बुधवारी हरवणारा 'क'

मनमाडला आमच्या नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी यायचं. नेमकं कधी, ते कुणालाच ठाऊक नसायचं. गल्लीत हंड्यांचा आवाज सुरू झाला की समजायचं, आलं. पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही सहा जण आणि पाण्याचे तीन ड्रम. ड्रमांना खोलीतली चांगली जागा होती, आम्हाला उरलेली. वडील धान्याच्या गोदामात हमाल. पोती वाहून वाहून त्यांची मान कायमची पुढे आली होती, त्यामुळे नुसते उभे असले तरी खाली पडलेलं काहीतरी शोधतायत असं वाटायचं. आई लोकांच्या घरी पापड लाटायला जायची. भावंडांत मी मोठी. शाळेच्या आधी पाणी, शाळेनंतर पापड, आणि मधल्या वेळात शिक्षण.

दहावी झालेली आमच्या घरातली मी पहिली. बारावी झालेली पहिली. पदवी घेतलेली तर अख्ख्या गल्लीत पहिली. हे मी सांगते, कारण सांगायला मला आवडतं. काही लोक म्हणतात, त्यात काय एवढं? ज्यांचे आजोबाच बी.ए. होते त्यांना त्यात काही नसेलच.

बारावीनंतर कॉलेजातल्या एका मॅडमनी मुंबईच्या कोर्सचा फॉर्म आणून दिला. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींवर उपचार करायचा कोर्स. वडिलांनी विचारलं, "म्हंजे करायचं काय?"

"ज्या पोरांना नीट बोलता येत नाही, त्यांना शिकवायचं."

"बोलायला शिकवायचं कॉलेज?" वडील म्हणाले. "ते तर आपल्याकडं पोरं फुकटात शिकत्यात."

आई म्हणाली, "जाऊ द्या हिला. नाहीतरी तोंड बंद नसतंच. निदान सर्टिफिकेट तरी मिळंल."

सर्टिफिकेट मिळालं. होस्टेलात माझं 'हाय' आणि 'नाय' ऐकून मुली तोंडावर हात ठेवायच्या. पहिल्या वर्षी मी 'आहे' म्हणायला शिकले, दुसऱ्या वर्षी हसणाऱ्यांना उत्तर द्यायला शिकले. दुसरा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

आता बरीच वर्षं झाली, पंचवटीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. खाली प्लायवूडचं दुकान. त्यामुळे वरच्या खोलीत मूल 'स' म्हणत असतं आणि खाली करवत त्याला साथ देत असते. पाटीवर 'स्पीच थेरपिस्ट' लिहिलंय. लोक मला तोंडाची डॉक्टर म्हणतात. दात दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला मी आठवड्यातून एकदा तरी समोरच्या इमारतीत पाठवते.

माझं काम काय, ते आरशासमोर उभं राहिलात तर दोन मिनिटांत कळेल. 'त' म्हणून बघा. जिभेचा शेंडा वरच्या दातांच्या मागे टेकतो. आता 'क' म्हणा. शेंडा खाली गप्प बसतो आणि जिभेची मागची बाजू उठून टाळूच्या मागच्या मऊ भागाला टेकते. काही मुलांची जीभ सगळी ये-जा पुढच्या दारानेच करते. मागे एक दार आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मग 'क'चा 'त' होतो आणि 'ग'चा 'द'. दोन वर्षांचं मूल 'ताता' म्हणालं की काका खूश होऊन चॉकलेट आणतो. सहाव्या वर्षी तेच मूल भर लग्नात 'ताता' म्हणून हाक मारतं, तेव्हा तोच काका मोबाईलमध्ये बघायला लागतो.

यात मूल मठ्ठ नसतं, आळशी नसतं, आणि लाडावलेलंही नसतं. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणते. पाचव्यांदा समोरची आजी म्हणते, "ते खरं हो, पण लाडावलेलंच हाय."

माझ्याकडे येणारे लोक माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतात. आधी वेखंड उगाळून होतं. मग पोपटाचा पेरू. पोपटाने अर्धा खाऊन टाकलेला पेरू मुलाला दिला की मूल घडाघडा बोलतं, असं आपल्याकडे मानतात. वेखंड मी बंद करायला लावते. पेरूबद्दल एवढंच सांगते, की पोपटाने सोडलेला नको, आख्खा द्या आणि धुऊन द्या. एका वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, गॅरंटी किती वर्षांची?" त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मी म्हणाले, "मुलगा आहे हो, मोटार नाही." ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "बरं, निदान सर्व्हिसिंगला कधी आणायचा ते तरी सांगा." मुलगा सहा महिन्यांत स्वच्छ बोलायला लागला. तरी दर दिवाळीआधी ते त्याला घेऊन येतात. मी त्याला 'रस्ता, सरबत, शर्यत' म्हणायला लावते, ते मान डोलावतात आणि खाली उतरतात.

पण मला सांगायचंय ते कोमलबद्दल. या धंद्यात मी बरोबर असूनही चुकत होते, असं एकदाच इतकं स्वच्छ दिसलं, आणि ते मला कुठल्या प्रोफेसरने नाही, एका भाजीवालीने दाखवून दिलं.

कोमल सहा वर्षांची, सायखेड्याची. घरची भाजीची शेती. तिला घेऊन आल्या तिची आई सुनीता आणि आजी भागूबाई. सुनीता बारीक आवाजात बोलणारी. भागूबाईंचा आवाज मात्र खालच्या करवतीला न जुमानणारा. दर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तिथे त्यांची जागा ठरलेली. पहाटे पिकअपमध्ये क्रेट भरायचे आणि नाशिक गाठायचं.

सुनीताने सांगितलं, "मॅडम, शाळेत ही तोंडच उघडत नाय. पहिलीत गेली तशी पोरं 'तोमल, तोमल' करून चिडवायला लागली. तवापासून गप. हजेरी घेताना बी नुसता हात वर करती. गुरुजी चांगले हायेत. पण ते म्हनले, तोंडी परीक्षा एप्रिलात हाय. तवा बी बोलली नाय, तर हिला मतिमंदांच्या शाळेत दाखवून घ्या."

"हिची बुद्धी कशी आहे?"

"बुद्धी?" भागूबाई मध्येच म्हणाल्या. "मागच्या बुधवारी एका बाईनं दोन जुड्या घेऊन तीन पिशवीत टाकल्या. मला दिसलं नाय, हिला दिसलं."

जानेवारी होता. हातात तीन महिने. काम सरळ होतं: एप्रिलच्या आत या मुलीला शाळेत बोलतं करायचं.

मी चित्रांची कार्डं काढली. कमळ, कप, केक, किल्ली. कोमल वीस मिनिटं त्या कार्डांकडे अशी बघत होती, जशी मी तिला लाईटबिलं दाखवत होते. शेवटी भागूबाईंनी पिशवीतून एक काकडी काढून टेबलावर आपटली.

"हे काय हाय गं?"

"तातडी," कोमल म्हणाली.

मी मुद्दाम विचारलं, "असं का? तातडी?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझी पदवी थरथरली. "तातडी नाय! ता-त-डी!"

मला आनंद झाला. का, ते सांगते. माझी चूक तिने पकडली होती. म्हणजे कान तयार होता, फक्त जीभ रस्ता चुकत होती. अशी मुलं सुधारतात.

पुढच्या वेळी आजींनी पिशवीच भरून आणली. कांदा, काकडी, कोबी, कारलं, कोथिंबीर, गवार, गाजर. टेबलावरची रांग बघून माझ्या लक्षात आलं, की या घरात 'क' आणि 'ग' सोडून दुसरं काही उगवतच नव्हतं. यांनी मेथी, शेपू, दुधी आणि भेंडी लावली असती, तर पोरीची निम्मी तक्रार उरली नसती.

माझ्याकडे आइसक्रीमच्या काडीसारख्या चपट्या लाकडी काड्या असतात. तशी एक काडी मी तिच्या जिभेच्या शेंड्यावर हलकेच ठेवली, म्हणजे शेंड्याला उठताच येऊ नये. म्हटलं, "आता 'ता' म्हण." शेंडा अडकलेला, मग बिचारी जीभ दुसरा रस्ता शोधते. कोमलच्या तोंडातून निघालं, "का."

तिने चटकन मागे वळून बघितलं. कोण बोललं?

"तूच गं!" सुनीता म्हणाली आणि रडायला लागली. भागूबाई म्हणाल्या, "काडीत काय लावलंय का?"

घरी करायला मी रोज गुळण्या सांगितल्या. मान मागे टाकून गुळणी केली की जिभेची मागची बाजू कामाला लागते. आठवड्याने सुनीता म्हणाली, "मॅडम, ती एकटी करत नाय, म्हनून आमी सगळेच करतोय. हे तर शेतात पानी द्यायला जाताना बी करत्यात. शेजारनीनं इचारलं, गावात घशाची साथ आलीय का?"

तीन आठवड्यांत कोमल काडीशिवाय 'का' म्हणायला लागली, मग 'काकडी', मग 'कोथिंबीर'. मी सुनीताला नियमांचा एक कागद दिला होता. त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं: मूल चुकीचं बोललं की लगेच थांबवा आणि बरोबर म्हणवून घ्या. सुनीता तो कागद देवाच्या पोथीसारखा पाळत होती.

आणि मग गंमत सुरू झाली. सुनीता मंगळवारी संध्याकाळी फोनवर कोमलला बोलायला लावायची. "काकडी. कोबी. कोथिंबीर." स्वच्छ. बुधवारी बाराला ती माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, "तातडी. तोबी. तोथिंबीर."

एकदा झालं, मी म्हटलं, थकली असेल. दुसऱ्यांदा झालं, मी पुस्तकं काढली. तिसऱ्यांदा झालं, तेव्हा मी रात्रीच्या जेवणात नवऱ्याला 'क' म्हणायला लावून त्याच्या घशात बॅटरीने बघितलं. तो म्हणाला, "मला जेवू दे." सहा दिवस 'क' असतो आणि सातव्या दिवशी जातो, असा आजार जगात नाही. मंगळवार रात्र ते बुधवार दुपार यात काहीतरी घडत होतं. मार्च लागला होता.

पुढच्या बुधवारी मी सकाळचे पेशंट पुढे ढकलले, स्कूटीवर बांधतो तसा स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधला आणि गंगेवर गेले. नाशिकमध्ये असा स्कार्फ बांधला की सख्खी आईसुद्धा ओळखत नाही. लसणाच्या एका ढिगाशेजारी उभी राहून मी लसूण निवडायचं नाटक करायला लागले.

समोर भागूबाईंचं पाल. कोमल उपड्या क्रेटवर उभी. आणि काय सांगू, हीच का ती मुलगी? हात वर, मान वर, डोळे चमकतायत. तिने दम घेतला आणि ओरडली, "कोथिंबीर घ्या, कोथिंबीऽऽर!"

मी इतकी हरखले की तीन गड्डे लसूण खरंच पिशवीत टाकले.

बाजारात कुणी वळूनही बघितलं नाही. आजूबाजूला पन्नास जण कोथिंबीरच ओरडत होते. मग भागूबाई पुढे वाकल्या. कोमलच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असं नाय माझे बाय. आपलं नेहमीसारखं म्हन."

कोमलने आजीकडे बघितलं. मग हसली आणि ओरडली, "तोथिंबीऽऽर! ताजी ताजी तोथिंबीऽऽर!"

चार बायका जागच्या जागी वळल्या. "अगंबाई, किती गोड बोलते!" "अजून एकदा म्हण ना, बाळा!" "आजी, दोन जुड्या द्या." एक गृहस्थ तर मोबाईल काढून उभे राहिले. भागूबाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं माझ्या चेहऱ्यावर क्लिनिकमध्ये पसरतं. आम्ही दोघी एकाच मुलीला शिकवत होतो. फक्त एकमेकींच्या उलट.

मी स्कार्फ सोडला आणि पुढे झाले. "आजी!"

भागूबाई दचकल्या, पण अर्धाच क्षण. "या बाई, या. कोथिंबीर देऊ?"

"कोथिंबीर नको! अहो, मी दोन महिने काड्या झिजवतेय आणि तुम्ही इथे बसून सगळं धुऊन टाकताय?"

"सगळं कुढं? सहा दिस तुमचंच चालतं ना? बुधवार तेवढा माझा."

"'क' म्हणजे काय पिकअप आहे का, एक दिवस तुमच्याकडे न् बाकीचे माझ्याकडे?"

"बरं, मग दुपारपरेंत माझा," भागूबाई म्हणाल्या. "बाराला तुमच्याकडं धाडते."

ही बाई कोथिंबिरीच्या भावासारखी माझ्याशी 'क'ची घासाघीस करत होती. लसूणवाला मागून म्हणाला, "मॅडम, लसणाचं काय?" आणि मोबाईलवाले गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, पोरगी किती गोड बोलते. तुमचं काय जातंय?"

"माझं नाही जात!" मी त्यांच्यावर ओरडले. "एप्रिलात हिची परीक्षा आहे. तिथे हिचा व्हिडिओ काढायला तुम्ही येणार आहात का?"

गृहस्थांनी मोबाईल खिशात टाकला. गर्दी पांगली. कोमल क्रेटवरून उतरून फ्लॉवरच्या मागे जाऊन बसली. आता तिच्या चेहऱ्यावर तीच कार्डांकडे बघणारी नजर होती.

भागूबाईंनी ती बघितली, मी बघितली. मग त्या हळू आवाजात बोलल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. "बघितलं ना बाई? शाळेत ही मुकी. आता घरी बी मुकी. तुमच्या कागदापायी."

"माझ्या कागदापायी?"

"'आई, भूत लागली' म्हनली की सून म्हनती, थांब, परत म्हन. 'धरी' म्हनली की थांब, परत म्हन. पोरीनं बोलनंच सोडलं. मुक्यानं जेवती, मुक्यानं झोपती. या टोपल्याजवळ तेवढी ती ओरडती. हितं लोक हसत्यात, पन भाजी घेत्यात, चिडवत नाय. तेवढं बी तुमी बंद करनार? मग करा."

मी सुनीताकडे बघितलं. ती खाली मान घालून जुड्या बांधत होती. तिने काही चूक केलीच नव्हती. ठळक अक्षर माझं होतं.

मला ते वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत मी त्यावर मार्कही मिळवले होते: मूल काय बोलतंय ते आधी ऐका, कसं बोलतंय ते नंतर. आणि हातात तीन महिने आहेत म्हणून घाई करून मी उलटा कागद लिहिला. मंगळवारी फोनवर ऐकू येणारे ते स्वच्छ शब्द म्हणजे मुलीचं बोलणं नव्हतंच. तो हिशोबाने काढलेला आवाज होता. तिचं बोलणं इथे, क्रेटवर होतं.

मी उपड्या क्रेटवर बसले. "चुकले, आजी," मी म्हणाले. "कागद फाडून टाका. घरी कुणी तिला थांबवायचं नाही. पण एप्रिलचं काय करायचं?"

"ते तुमी सांगा. शिकलेल्या तुमी हायेत."

समोर गिऱ्हाईक नव्हतं. भागूबाई अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघत होत्या. आणि मला कोमलची ती पहिल्या दिवशीची नजर आठवली: 'तातडी नाय!' चूक माझ्या तोंडून आली, तेव्हा ती चवताळली होती.

"आजी," मी म्हणाले, "गिऱ्हाईक 'तोथिंबीर' ऐकून येतं ना? मग तुम्ही म्हणा."

"मी?"

"तुम्ही."

"मला येतंय की चांगलं बोलता!"

"म्हणूनच. आणि कोमल तुम्हाला सुधारणार. ती आजपासून तुमची मॅडम."

भागूबाई म्हणजे बाजारात चाळीस वर्षं काढलेली बाई. नवा माल दिसला की आधी हातात घेऊन बघणार. त्या उठल्या, पदर खोचला आणि अख्ख्या गंगेवर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "तोथिंबीऽऽर! तोवळी तोवळी तातडीऽऽ!"

बाजार थांबला. शेजारचा लसूणवाला म्हणाला, "आजी, दात पडले का काय?"

"पडले तर पडले! तोबी घे, तोबीऽऽ! तारली घे, तारलीऽऽ!"

फ्लॉवरच्या मागून एक डोकं वर आलं. कोमल आजीकडे टक लावून बघत होती. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा तिच्या कपाळावर आठी पडली. तिसऱ्यांदा ती उठून क्रेटवर चढली.

"आजी, असं नाय!"

"मग तसं? तोथिंबीर."

"नाय! तोथिं..." ती थांबली. जीभ पुढच्या दाराशी गेली होती, तिला ते कळलं. तिने मान थोडी मागे टाकली, गुळणी करताना टाकतात तशी, आणि आजीच्या तोंडावर ओरडली, "क! कोथिंबीर! को! को!"

"तो?"

"को!"

"लय अवघड हाय बाई," भागूबाई म्हणाल्या. "उद्या येईल मला." आणि पुन्हा बाजाराकडे वळून, "तोथिंबीऽऽर!"

आता दुप्पट गर्दी झाली. सत्तरीची आजी बोबडं ओरडतेय आणि सहा वर्षांची नात कंबरेवर हात ठेवून तिला झापतेय, असा तमाशा गंगेवर त्याआधी कुणी बघितला नसेल. कोथिंबीर अकरा वाजताच संपली. मग आजीने 'तांदा' काढला. "कांदा, आजी, कांदा!" कोमल ओरडली. लोकही कोमलच्या बाजूने झाले. "आजी, ऐका ना तिचं!" "किती वेळा सांगायचं पोरीने!" हसू सगळं आजीवर जात होतं, आणि आजी ते टोपलीत भाजी झेलावी तसं झेलत होत्या.

याला आमच्या धंद्यात एक लांबलचक नाव आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम चुकायचं आणि मुलाने चूक पकडून सुधारायची. मी हे बंद खोलीत, एसीत, करत आले होते. भागूबाईंनी ते उन्हात, दीडशे लोकांसमोर केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. त्यानंतरच्या चार बुधवारी मी कोमलला क्लिनिकला बोलावलंच नाही. मीच बाजारात जाऊन बसायचे. कोमल मला मधून मधून जुडी बांधायला सांगायची आणि माझी गाठ सैल आहे म्हणून परत सोडायला लावायची. बोलता बोलता तिचा 'क' कधी हरवायचा, कधी सापडायचा. कुणी थांबवत नव्हतं. हरवण्याचं प्रमाण कमी कमी होत गेलं.

पण शाळा म्हणजे बाजार नव्हे. तिथे तिला हसणारी तीच पोरं होती, तेच बाक. मला रात्री झोप लागेना. बाजारात शंभर लोकांसमोर ओरडणारी मुलगी वर्गात मुकी राहते, हे मी पाहिलेलं आहे. एकदा गप्प बसायची सवय झालेल्या जागी मूल परत बोलेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मोटारवाल्यालाही मी गॅरंटी दिली नव्हती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी पेशंट बघत होते. दुपारी सुनीताचा फोन आला. ती बोलायला लागली आणि भागूबाईंनी फोन हिसकावला. त्यांचा आवाज फोनशिवायही सायखेड्याहून पंचवटीला आला असता.

"बाई, ऐका! गुरुजींनी हिला उभं केलं. म्हनले, तुझं पूर्ण नाव सांग. ही गप."

"मग?"

"गपच! पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायली. एक म्हनलं, सर, तिला येत नाय. मी खिडकीत उभी. सून म्हने, चला, जाऊ द्या. मला राहवंना. मी खिडकीतनंच ओरडले, 'सर, तिचं नाव तोमल!'"

"आजी!" मी ओरडले.

"अख्खा वर्ग हसला. माझ्यावर! म्हातारीला नातीचं नाव बी घेता येईना. गुरुजी बी हसले. अन् ही वळली. असे डोळे केले माझ्याकडं बघून! बाकावर हात आपटला, अन् म्हनती, 'आजी! तोमल नाय! कोमल! को-मल!' भिंतीवरची पाल पळाली, बाई!"

"आणि मग?"

"मग काय! तोंड उघडलं ते मिटंना. गुरुजी म्हनले, पाच भाज्यांची नावं सांग. हिनं अठरा सांगितली. कोनची भाजी कोनत्या दिसात लावायची, ते बी सांगितलं. गुरुजी म्हनले, बास, बस खाली. ही म्हनती, सर, अजून गवार राहिली."

मी फोन ठेवला. समोर एक मूल 'स' म्हणत होतं, खाली करवत चालू होती. मी त्याला म्हटलं, "थांब जरा," आणि आतल्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले.

मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की तो ठळक अक्षरातला कागद कोमलच्या आधी मी आणखी किती घरांत दिला, ते मला आठवत नाही. त्या घरांतली मुलंही काही दिवस मुक्याने जेवली असतील. आता मी कागद देत नाही. भागूबाईंचा नंबर देते. त्या फोनवर नव्या आयांना आधी झापतात, मग शिकवतात.

कोमल आता तिसरीत आहे, त्याच शाळेत, त्याच पोरांबरोबर. तिला दुसऱ्या कुठल्याही शाळेत दाखवायला न्यावं लागलं नाही. रोज सकाळी हजेरी घेताना तिचं नाव आलं की ती उभी राहून "हजर" म्हणते, आणि कुणी विचारलं तर आपलं पूर्ण नाव नीट, मोठ्याने सांगते.